बहिणीच्या अंगणातलं पर्जन्यमापक

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी साडेआठ वाजता माझ्या बहिणीच्या अंगणातला पाऊस निरंक होता. त्याच वेळी त्या अंगणात वीतभर बर्फ होता.

पहिल्या गोष्टीची नोंद वडवणीत, वडिलांच्या वहीत झाली. दुसरीची कुठंच झाली नाही. ती बहिणीला माहीत होती, तिच्या नवऱ्याला माहीत होती, आईला माहीत होती आणि मला माहीत होती. वडिलांना माहीत नव्हती.

बहीण फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या एका लहान गावात राहते. तिचा नवरा तिथल्या खाणीत इंजिनिअर आहे. गावाचं नाव वडिलांना उच्चारता येत नाही, म्हणून ते त्याला ‘वरचं गाव’ म्हणतात. नकाशात ते खरोखर वर आहे, त्यामुळे कुणी हरकत घेतलेली नाही.

वडील तलाठी होते. मंडळाच्या ठिकाणी रोज सकाळी साडेआठला पावसाचं माप घेऊन तहसीलला कळवायचं, हे त्यांच्या कामांपैकी एक. निवृत्तीनंतर बाकीची कामं सुटली, हे सुटलं नाही. प्रत्यक्षात माप कोतवाल घ्यायचा आणि वडील लिहायचे. कोतवालही निवृत्त झाला. तो आमच्याच गल्लीत राहतो आणि अजूनही साडेआठला येतो. वडील त्याला चहा देतात. तो वडिलांना साहेब म्हणतो. बीडला दैनिकाच्या डेस्कवर मी पावसाळाभर जिल्ह्याच्या पावसाची चौकट लावतो. त्यात वडवणीचा आकडा चुकला तर दहाच्या आत दोघांचा फोन येतो.

बहिणीचं पहिलं बाळंतपण नोव्हेंबरच्या मध्याला होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्याकडची रीत. पण तिचा डॉक्टर, दवाखाना, कागदपत्रं सगळं तिकडं, आणि शेवटच्या महिन्यांत विमानात बसायला डॉक्टरांची मनाई. तेव्हा माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. आई एकटी जाणार नाही, म्हणून वडील. दोघांचे पासपोर्ट निघाले, व्हिसा झाला, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातली तिकिटं काढली. मग वडिलांनी अट घातली.

“बर्फ पडला आसंल तर जायचं न्हाई.”

अटीला कारण होतं. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला वडवणीत गारपीट झाली. गारा थांबल्यावर आई वाळवण उचलायला अंगणात गेली, घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चाळीस दिवस होतं. ते चाळीस दिवस स्वयंपाक वडिलांनी केला. आभाळातून पडणाऱ्या बर्फाची आमच्या घरात जी धास्ती आहे ती तेव्हापासूनची आहे, आणि ती फक्त मनगटापुरती नाही.

बहिणीनं फोनवर समजावलं होतं. “अण्णा, इथला बर्फ गारांसारखा नसतो. कापसासारखा असतो.”

“कापूस मी पाह्यलाय,” वडील म्हणाले. “कापसावरून माणूस घसरत न्हाई.”

तिकडे बर्फ कधी पडतो, हे मोबाईलवर दिसतं. मी दाखवलं. वडिलांनी पाहिलं नाही. ह्याच मोबाईलनं मृगात वडवणीला पाऊस दाखवला होता आणि धूळ उडत होती, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. “हा अंदाज हाय,” ते म्हणाले. “अंदाज म्हंजे तुमची बातमी. आपल्याला नोंद पायजे.”

नोंदीची सोय त्यांनी आधीच केली होती. मे महिन्यात बहीण-जावई आले होते. परत निघताना वडिलांनी जावयाला रीतीप्रमाणे टोपी दिली, उपरणं दिलं, आणि बीडच्या कृषी सेवा केंद्रातून आणलेलं प्लास्टिकचं पर्जन्यमापक दिलं. जावई मूळचा शिरूर कासारचा. पर्जन्यमापक हातात धरून तो म्हणाला, “अण्णा, आमच्याकडं हे कधी लागलंच न्हाई.”

“म्हणूनच देतोय,” वडील म्हणाले.

जावयाला आमच्याकडं काम सांगत नाहीत. जेवताना पाट, निघताना आहेर आणि बोलताना ‘अहो-जाहो’, एवढाच त्याच्याशी व्यवहार. वडिलांनीही काम सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, “जावईबापू, जमलं तर रोज साडेआठला बघत जा.” जावयाला नाही म्हणता आलं नाही, कारण सासऱ्याला नाही म्हणत नाहीत. ह्या दोन रीती समोरासमोर आल्या की सकाळी कोण उठतं, ते लवकरच दिसलं.

साडेआठ म्हणजे कुठले साडेआठ, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. जावई त्याच्या घड्याळाप्रमाणे साडेआठला माप कळवायचा. इकडे तेव्हा अकरा वाजलेले असायचे आणि कोतवाल ताटकळून घरी गेलेला असायचा. वडिलांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “एका वहीत दोन घड्याळं चालत न्हाईत.” तेव्हापासून जावई पहाटे सहाला उठून अंगणात जाऊ लागला.

ऑगस्ट सरता सरता तिकडचा पावसाळी शरद सुरू झाला. रोज थोडा थोडा पाऊस, कधी दोन मिलिमीटर, कधी चार. वडिलांनी त्याला ‘झिमझिम, पेरणीयोग्य’ असा शेरा दिला. जावयानं सांगितलं की इथं आता कुणी काही पेरत नाही.

“मग रब्बीला काय घेतेत?”

“काहीच न्हाई, अण्णा. सगळं जंगल हाय.”

“फॉरेष्टाचं का?”

“काही सरकारचं, काही लोकांचं.”

“आन् हरणं?” हरणांचा उल्लेख बहिणीनं आधी केला होता. “पिकं खातेत का?”

“पिकंच न्हाईत तर काय खातेल? रस्त्यावर हिंडतेत. मालकाची आसतेत ती.”

“हरणाला मालक?” वडिलांनी विचारलं. मग कोतवालाकडं वळून म्हणाले, “लिव्ह, जनावरं मोकाट.” कोतवाल म्हणाला, “साहेब, लिव्हायचं काम तुमचं हाय.”

सप्टेंबरात बहिणीनं फोटो पाठवले. घरामागची झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती, खालची झुडपं लालभडक. तिकडचे लोक ह्या आठवडाभराच्या रंगांसाठी सुट्ट्या काढून डोंगरात चालत जातात, असं तिनं लिहिलं होतं. आईनं फोटो शेजारणीला दाखवले. वडिलांनी चष्मा लावून, बोटांनी मोठा करून, एकेक पाहिला.

“पिवळं पडलंय समदं,” ते म्हणाले. “नत्र कमी हाय.”

“अवो, तिकडं पानं आशीच व्हतेत गळायच्या आधी,” आई म्हणाली.

“एवढ्या पावसात पानं कशी गळतेल? वाहून गेलं आसंल जमिनीतलं. जावईबापूंना सांग, युरियाचा हात द्यायला.”

जावयानं युरिया दिला नाही. पानं आठ दिवसांत गळली. वडिलांनी वहीत तारीख लिहिली आणि पुढं ‘सांगितलं होतं’ असं लिहिलं. हे मी वहीत स्वतः पाहिलं आहे.

ऑक्टोबरात आमच्याकडं उकाडा वाढला आणि तिकडं दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखडू लागला. हस्ताचा पाऊस सरला तेव्हा वडिलांनी विचारलं, “जावईबापू, परतीचा पाऊस झाला का तिकडं?”

“इकडं पाऊस परत जात न्हाई, अण्णा. पडला की एप्रिलपर्यंत जमिनीवरच—” एवढ्यात मागून बहिणीला मोठा खोकला आला आणि वाक्य राहिलं.

त्याच महिन्याच्या शेवटी तिकडच्या देशानं आपली घड्याळं एक तास मागं घेतली. जावयानं हे कळवलं तेव्हा मी वडवणीत होतो.

“मागं घेतली म्हंजे?”

“दरवर्षी घेतेत, अण्णा. उन्हाळ्यात परत पुढं करतेत.”

“कोणाच्या आदेशानं?”

“सरकारच्या.”

“आन् लोक ऐकतेत?”

“ऐकतेत.”

वडिलांनी वहीत आदेशाचा क्रमांक लिहायला जागा सोडली. ती अजून मोकळी आहे. साडेआठची वेळ मात्र त्यांनी बदलली नाही, त्यामुळे जावई सहाऐवजी पाचला उठू लागला.

पहिला टिकाऊ बर्फ त्यानंतर तीन दिवसांनी पडला. बहिणीचा फोन वडिलांना नाही, मला आला. मी ऑफिसात होतो.

“दादा, पडला. आता वितळणार न्हाई. अण्णांना कळलं तर ते तिकीट रद्द करतेल. मला आई पायजे.”

ती रडत नव्हती. बाळंतपणाला दोन-अडीच आठवडे राहिले होते. ती म्हणाली की नवरा आहे, नर्स चांगल्या आहेत, सगळं आहे. पण इथं कुणाला मराठीत कण्हलेलं कळत नाही.

मी विचारलं, दाजी रोज माप कळवतात, त्याचं काय? जावयानं फोन घेतला.

“दादा, अण्णा विचारतेत पाऊस किती. पाऊस तर न्हाईच. निरंक म्हणलं तर खोटं होतं का?”

मी म्हणालो की आमच्याकडं माणूस बोलला ते अवतरणचिन्हात टाकतात, जे विचारलंच नाही त्याची बातमी होत नाही. ह्याहून अधिक मी काही सांगितलं नाही. आईला बहिणीनं कळवलं. खोटं बोलायचं नाही, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, एवढंच ठरलं. त्या दिवसापासून व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरातून येऊ लागले. मागं फ्रिज दिसायचा.

आईनं तयारी चालू ठेवली. डिंकाचे लाडू झाले, बाळंतशोप झाली, दोन गोधड्या झाल्या. मी बीडहून तिच्यासाठी आतून लोकरीचे जाड बूट आणले होते. ते तिनं घरातच घालून पाहायला सुरुवात केली. बाहेर उकाडा, पंखा चालू, आणि आई बूट घालून कणीक मळत होती.

“हे काय पायात?” वडिलांनी विचारलं.

“सवय करायलेय.”

“कशाची?”

“बुटाची.”

उत्तर खरं होतं. वडिलांनी पुढं विचारलं नाही.

निरंकाची नोंद एक दिवस झाली, दोन दिवस झाली, चार दिवस झाली. आम्ही समजत होतो की सगळं सुरळीत चाललं आहे. पाडव्याच्या सकाळी मी वडवणीतच होतो. आईनं वडिलांना ओवाळलं. कोतवाल नवीन सदरा घालून चहाला आला. साडेआठला जावयाचा फोन आला. तिकडं पहाटेचे पाच, पडद्यावर जावई टोपी आणि दोन स्वेटर घालून, मागं फ्रिज.

“अण्णा, पाडव्याच्या शुभेच्छा. पाऊस निरंक.”

वडिलांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि वहीवरून बोट खाली फिरवत नेलं.

“जावईबापू, सलग निरंक चाललंय.”

“हो, अण्णा.”

“ऑगष्टपासून रोज पडत व्हता. आन् एकदम बंद. न्हाई का?”

“हो.”

वडिलांनी कोतवालाकडं पाहिलं. दोघांनी मिळून अनेक हंगाम असे पाहिले होते: रोज झिमझिम, मग अचानक कोरडं, मग टँकरचे प्रस्ताव. कोतवाल म्हणाला, “साहेब, हे लक्षण चांगलं न्हाई. खंड पडला.”

“खंड न्हाई,” वडील म्हणाले. “पावसाळा संपला त्यांचा. आता पुढचा पाऊस कधी?”

“एप्रिल-मेपर्यंत न्हाई,” जावयानं उत्तर दिलं. तेही खरं होतं.

वडिलांचा चेहरा उतरला. मी त्यांना पंचनामे करताना पाहिलं आहे, तो हा चेहरा होता. ते आईला म्हणाले, “तिकीट रद्द कर म्हणावं पोराला. जायचं न्हाई.”

आई हातातलं निरांजन घेऊन उभी राहिली. “कावून?”

“तिकडं दुष्काळ हाय.”

पाच महिन्यांत मी ह्या शक्यतेचा विचार केला नव्हता.

“बाळंतिणीला पाणी किती लागतं, तुला म्हाईत हाय,” वडील म्हणाले. “रोजचं न्हाणं, बाळाचे कपडे, शेक. त्यात आपण दोघं जाऊन बसायचं. दोन माणसांचं पाणी वाढतं. पाहुण्यानं दुष्काळात जाऊ नये. त्यापरीस तिलाच इकडं आणा. आपली बोअर चालू हाय.”

“अण्णा, डॉक्टर विमानात बसू देत न्हाईत,” पडद्यावर आता बहीण आली होती. शाल गुंडाळलेली, झोपेतून उठलेली.

“मग जावईबापू, खरं सांगा. पाणी हाय का?”

थेट प्रश्न पहिल्यांदा आला होता. जावयानं बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं.

“लई हाय, अण्णा,” जावई म्हणाला. “पण गोठलंय.”

“काय गोठलंय?”

जावयानं फोन उचलला, फ्रिज मागं राहिला, एक दार उघडलं, मग दुसरं. अंगणातला दिवा लागला. अंगण पांढरं होतं. कुंपण पांढरं होतं. मधोमध खांबावर पर्जन्यमापक होतं, आणि त्याच्या डोक्यावर वडिलांनी दिलेल्या टोपीसारखाच बर्फाचा गोल चढला होता.

वडवणीत चुलीवरचं पाणी उकळल्याचा आवाज येत होता. आईनं निरांजन पाटावर ठेवलं.

“हे कधी पडलं?” वडिलांनी विचारलं.

“चार दिवस झाले.”

“ह्यात पण?” म्हणजे पर्जन्यमापकात.

“हो, अण्णा. भरलंय वरपर्यंत.”

“मग तुमी निरंक कावून सांगितलं?”

जावई म्हणाला, “तुमी पाऊस विचारलात. हा पाऊस न्हाई ना.”

वडील उठून उभे राहिले. जावयावर ओरडता येत नाही, म्हणून ते कोतवालावर ओरडले. “आभाळातून पडलं ते माप! आपण गारा मोजल्या का न्हाई? वितळवून मोजल्या का न्हाई, बे?”

“मोजल्या, साहेब,” कोतवाल म्हणाला. “मीच मोजल्या. तुमी व्हरांड्यात व्हता.”

“चार दिवसांची नोंद चुकली!”

आम्ही सगळे ज्या रागाची वाट पाहत होतो तो हाच होता, फक्त त्याचं कारण आम्ही धरलं होतं ते नव्हतं. वडिलांनी हुकूम सोडायला सुरुवात केली आणि प्रत्येक हुकमाला शेवटी ‘जमलं तर’ जोडलं. मापक काढा, जमलं तर. उभंच ठेवा, जमलं तर. झाकण लावा, वाफ जाऊ देऊ नका, जमलं तर. जावयानं मापक आत आणलं आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात उभं केलं. फोन पातेल्यासमोर टेकवला. इकडं चार माणसं आणि तिकडं दोन, वीस-पंचवीस मिनिटं एका पातेल्याकडं पाहत बसली. मध्ये शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली. तिनं काय चाललंय म्हणून विचारलं. कोतवालानं “माप” म्हणून सांगितलं, तर तीही बसली.

“चौदा,” जावई म्हणाला.

“डोळ्याच्या रेषेत धरा.”

“चौदा, अण्णा.”

वडिलांनी चार निरंकांवर एक तिरपी रेघ मारली, समोर ‘एकत्रित १४’ लिहिलं आणि सही केली. त्यांचा आवाज खाली आला. “म्हंजे दुष्काळ न्हाई.”

“न्हाई, अण्णा.”

“नळाला पाणी?”

“चोवीस तास. गरमसुद्धा.”

ह्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. कोतवालाचा अजून बसलेला नाही.

मग त्यांना अट आठवली. त्यांनी आईच्या पायांकडं पाहिलं. तिनं पाडव्याच्या साडीवरही बूट घातलेले होते.

“तुला म्हाईत व्हतं.”

“व्हतं,” आई म्हणाली. “आन् मी जाणार. तुमच्या हातचं चाळीस दिवस खाऊन मी जगले. बर्फानं काय व्हतंय मला?”

शेजारीण हसली. कोतवालानं चहाच्या कपात पाहिलं. वडिलांनी जावयाला विचारलं की रस्त्यावर माणूस घसरू नये म्हणून काय करतात.

“बारीक खडी टाकतेत, अण्णा.”

“कोण?”

“नगरपालिका.”

“अर्ज कोण देतं?”

“कोणी न्हाई. ते येऊन टाकून जातेत.”

वडिलांनी वही मिटली. शेवटी म्हणाले, “बघायला पायजे.”

मी डेस्कवर इतकी वर्षं काढली आहेत की एवढ्याशा वाक्याला होकार म्हणायला मला दुसऱ्या सूत्राची गरज वाटते. ते दुपारी, मी बीडला परतल्यावर मिळालं. आईनं फोन करून सांगितलं की वडिलांनी पेटीतून मफलर आणि दोन कानटोप्या काढल्या आणि उन्हात टाकल्या.

भाऊबीजेनंतर सहाव्या दिवशी दोघं बीडहून निघाली. मुंबईच्या विमानतळापर्यंत मी बरोबर होतो. सामानतपासणीत डिंकाचे लाडू उघडून पाहिले गेले. वडिलांनी त्यांचं वजन आणि घटक सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा निरोप आला की दोघं पोचली, अंगणात कुणी घसरलं नाही, अण्णांनी दारापासून रस्त्यापर्यंतची खडी पायानं तपासली.

बाळ त्यानंतर पाचव्या दिवशी, तिकडच्या घड्याळाप्रमाणे दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी झालं. मुलगी. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. जन्माच्या वेळी आमची आई खोलीत होती.